पहाटे साडेपाचचं बास्केटबॉल: एका सीझन पासचा रिव्ह्यू, फोंड्याहून

चवथीच्या आदल्या दिवशी स्टुलावर उभा राहून गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधत होतो, दोन्ही हातांत कवंडळं, आणि खिशात फोन वाजला. तुमचा पास लवकरच आपोआप रिन्यू होणार आहे म्हणे. बायकोने खालून विचारलं कोणाचा मेल, मी म्हटलं ऑफिसचा. खोटं बोललो ते बोललो, पण म्हटलं आता चतुर्थी झाली की बसून एकदाचं लिहून काढावं की या पासावर परत पैसे घालायचे का नाही, कारण घेताना मला मराठीत कुठेही काही वाचायला मिळालं नव्हतं आणि गोव्यात याबद्दल विचारावं तर लोक विचारतात एफसी गोवाची मॅच कधी आहे.

तर हा रिव्ह्यू एका स्ट्रीमिंग ॲपच्या बास्केटबॉल पासचा आहे. ॲपचं नाव लिहीत नाही, मला कोणाशी भांडायचं नाही, आणि अशा सगळ्याच ॲपांची रड थोड्याफार फरकाने सारखीच असते. किंमत म्हणाल तर महिन्याला एका मध्यम इसवणाचे, म्हणजे सुरमईचे पैसे, आणि तेही मासेमारी बंदीच्या दिवसांतल्या नव्हे, साध्या दिवसांतल्या इसवणाचे. मी नोव्हेंबर २०२४ मध्ये घेतला, अख्खा सीझन वापरला, आणि बघितलं ते जवळजवळ एकच, अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमधली बिग ईस्ट कॉन्फरन्स.

बिग ईस्टच का, तर माझा भाचा. तो मास्टर्स करायला न्यू जर्सीला गेला, सीटन हॉल युनिव्हर्सिटीत, आणि पहिल्याच थंडीत फोन करून म्हणाला, मामा तू कॉलेजात खेळायचास ना, इथे ये, वेडा होशील. मी काही गेलो नाही, व्हिसा आणि तिकीट बघूनच वेड लागायची पाळी, पण व्हिडिओ कॉलवर त्याच्या खोलीतल्या टीव्हीसमोर फोन धरायला लावून मी एप्रिल २०२४ ची एनआयटीची फायनल बघितली. सीटन हॉलने इंडियाना स्टेटला ७९-७७ हरवलं. एनआयटी म्हणजे मार्चमधल्या मोठ्या राष्ट्रीय स्पर्धेत ज्यांना घेतलं नाही त्यांच्यासाठीची स्पर्धा, आणि त्या वर्षी सीटन हॉलला घेतलं नाही ते कॉन्फरन्समध्ये २० पैकी १३ मॅच जिंकूनसुद्धा. त्या रागावर मी पास घेतला म्हणा ना.

ज्यांना हे कॉन्फरन्स प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत साडेतीनशेच्या वर कॉलेजं वरच्या डिव्हिजनला खेळतात, ती सगळी एका लीगमध्ये मावणार कशी, म्हणून गट, तीच कॉन्फरन्स. बिग ईस्ट १९७९ साली सुरू झाली, आता ११ टीम आहेत, प्रत्येकजण प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा घरी एकदा त्यांच्याकडे, म्हणजे २० मॅच. हे साधं वाटतं पण आता दुर्मीळ झालंय. बिग टेन नावाच्या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये १८ टीम, अटलांटिक कोस्ट म्हणवणाऱ्या कॉन्फरन्समध्ये पॅसिफिकच्या काठावरची कॅलिफोर्नियातली कॉलेजं, सगळं टीव्हीच्या आणि अमेरिकन फुटबॉलच्या पैशांमागे धावलेलं. बिग ईस्टवालेही काही सोवळे नाहीत, क्रेटन हे कॉलेज ओमाहाला आहे, नेब्रास्कात, ते ईस्ट असेल तर आपलं सोलापूर कोकणात. पण निदान सगळे सगळ्यांना दोनदा भेटतात, आणि पहिल्या भेटीत झालेला अपमान दुसऱ्या भेटीपर्यंत महिना-दीड महिना मुरत राहतो, त्यातच खरी मजा आहे.

अजून एक गंमत, जी फक्त गोव्यातल्या माणसालाच कळेल. या ११ मधली ९ कॉलेजं कॅथलिक आहेत, बटलर आणि यूकॉन (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी) सोडून. आणि त्यात एक आहे सिनसिनाटीचं झेवियर, म्हणजे आपले जुन्या गोव्याचे सेंट फ्रान्सिस झेवियर, त्यांच्याच नावाचं जेझुइट कॉलेज. मी पास घेतला तेव्हा इथे त्यांचं दहा वर्षांनी येणारं शवप्रदर्शन चालू होतं, २१ नोव्हेंबर ते ५ जानेवारी, आणि फोंडा-पणजी रूटवर रोज आमची बस ओल्ड गोव्याला गर्दीत रुतून बसायची. त्या रुतलेल्या बसमध्ये मी फोनवर झेवियरची मॅच बघतोय आणि शेजारच्या सीटवर आमच्या वाड्यावरचे अंकल. त्यांनी विचारलं हे काय, मी सांगितलं, त्यांनी चष्मा वर केला, म्हणाले, "सायबाची टीम? मग आमी तांचेच." सायब म्हणजे आमचे सेंट झेवियर. त्या दिवसापासून ते मला रोज सायबाचा स्कोअर विचारतात, बास्केटबॉलमध्ये किती प्लेयर असतात ते अजून त्यांना माहीत नाही. आणि सांगायला वाईट वाटतं पण शेवटी मोठ्या स्पर्धेत सायबाची टीम गेली, माझी नाही.

आता पासाचं. पहिला प्रश्न सगळे विचारतात तो वेळेचा. न्यूयॉर्कचे संध्याकाळचे ७ म्हणजे आपले दुसऱ्या दिवशीचे पहाटे ५.३०, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर पुढे ढकलतात तेव्हा ४.३०. ऐकायला भयंकर वाटतं, पण मी सांगतो, भारतातून बघायला याच्याइतका सोयीचा अमेरिकन खेळ नाही. रात्री दहाला झोपा, पाचला उठा, देवासमोर दिवा लावेपर्यंत फर्स्ट हाफ संपलेला असतो. आणि आपण जत्रेतला दशावतार पहाटेपर्यंत बघणारी माणसं, पहिला कोंबडा आरवेपर्यंत जागलेल्याला साडेपाचची मॅच काय जड. शनिवारी तर दुपारी १२ ची मॅच आपल्याकडे रात्री १०.३० ला, जेवून हात धुऊन बसायचं.

कॉलेजची मॅच २०-२० मिनिटांचे दोन हाफ, एनबीएसारखे चार क्वार्टर नाहीत, आणि शॉट क्लॉक ३० सेकंदांचा, एनबीएत २४. त्यामुळे खेळ थोडा सावकाश, पोरं चुका पण जास्त करतात, मला तेच आवडतं. प्रत्येक हाफमध्ये घड्याळ १६, १२, ८ आणि ४ मिनिटांच्या खाली गेलं की पुढच्या वेळी बॉल थांबला की टीव्हीचा टाइमआउट. हे जाहिरातींसाठी आहे हे मला माहीत आहे पण देवाशपथ सांगतो ते गोव्याच्या सकाळीसाठी बनवलंय. १२ च्या टाइमआउटला चहा ठेवायचा, ८ च्या टाइमआउटला गाळायचा, आणि सव्वासहाच्या आसपास पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो तेव्हा हाफटाइम जवळ आलेला असतो, चार पोई दोन उंडे असे पाव घेऊन परत यायचं. एकदाच चुकलो, पोदेराशी सुट्ट्या पैशांवरून बोलत बसलो आणि परत आलो तर विलानोव्हाने ९ पॉइंट मारलेले. त्या दिवसापासून सुट्टे दाराशी वाटीत ठेवतो.

अडचण एकच, शेवटची दोन मिनिटं. ती दोन मिनिटं नसतात. फाऊल, फ्री थ्रो, टाइमआउट, परत फाऊल, मग अंपायर लोक टीव्हीसमोर जाऊन वाकून बघतात की बॉल कोणाच्या नखाला लागून बाहेर गेला. माझी बस आठची. घड्याळात १ मिनिट १२ सेकंद उरले म्हणून मी बूट घालून उभ्याने बघत राहिलो आणि पंधरा मिनिटांनी अजून २० सेकंद बाकी. आता मी फोनवर लावून बसमध्ये चढतो, पण हेच ॲप टीव्हीवरून फोनवर आणताना म्हणतं की तुम्ही दुसऱ्या डिव्हाइसवर बघत आहात, आधी ते बंद करा. अरे ते मीच आहे, दुसरं कोण बघणार फोंड्यात बटलर विरुद्ध डीपॉल?

आता या पासातली सगळ्यात भारी गोष्ट, जी त्यांच्या जाहिरातीत कुठेच लिहिलेली नाही, बहुतेक त्यांना माहीतच नाही. अमेरिकेत टाइमआउटला जाहिराती लागतात. आपल्याकडे त्या जाहिराती दाखवता येत नाहीत, म्हणून काही मॅचना ॲप सरळ निळी पाटी टाकतं, प्रसारण लवकरच सुरू होईल, आणि खाली तीच लिफ्टमधली ट्यून, दहा सेकंदांची, गोल गोल. पण काही मॅचना कोणीतरी पाटी टाकायला विसरतं किंवा काय असेल ते, आणि हॉलमधला कॅमेरा तसाच चालू राहतो. कॉमेंट्री नाही, ग्राफिक नाही, स्कोअर नाही. नुसता हॉल. कॉलेजचा बँड वाजतोय, ट्रॉम्बोनवाला मुलगा चुकतोय आणि शेजारची मुलगी हसतेय. दोन पोरं लांब मॉप घेऊन पळत पळत घाम पुसतायत. एक म्हातारे आजोबा, सीझन तिकीटवाले असणार, शेजारच्याला हातवारे करून समजावतायत की त्याने पास डावीकडे द्यायला हवा होता, आणि बरोबर सांगत होते ते, मीही घरी तेच म्हटलं होतं. कोच खाली बसून पाटीवर खडूसारखं काहीतरी रेघोट्या मारतोय आणि अर्धी पोरं त्याच्याकडे बघतायत, अर्धी चीअरलीडरकडे.

इंडियानापोलिसला बटलरचं हिंकल फील्डहाऊस आहे, १९२८ चं, वर मोठ्या खिडक्या. दुपारच्या मॅचला त्या खिडक्यांतून ऊन कोर्टवर पडतं. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-अकरा, बाहेर रातकिडे, बाबा आत घोरतायत, आणि माझ्या टीव्हीवर टाइमआउटमध्ये लाकडी कोर्टवर दुसऱ्या देशातलं ऊन सरकतंय. मी त्या अडीच मिनिटांत चहाला उठलो नाही. एवढ्यासाठी मी स्टार देईन. पण याची गॅरंटी कोणी देणार नाही, दुसऱ्या दिवशी निळी पाटी असू शकते. सपोर्टला मी लिहिलंसुद्धा की कृपया पाटी टाकू नका, बॉटने उत्तर दिलं की आपल्या तांत्रिक अडचणीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

सीटन हॉलचं काय झालं ते सांगतो, टाळता येत नाही. २० पैकी २ जिंकल्या. दोन. अख्ख्या सीझनमध्ये ७ जिंकल्या, २५ हरल्या, कॉन्फरन्सच्या तळाला. कारण आदल्या वर्षीची टीमच राहिली नाही, आता ट्रान्सफर पोर्टल आहे, पोरं दरवर्षी कॉलेज बदलू शकतात, आणि २०२१ पासून नावाचे आणि फोटोचे पैसे घेऊ शकतात, जुलै २०२५ पासून तर कॉलेजंच थेट पैसे देतात. ज्याच्यावर माझा जीव होता तो कॅडरी रिचमंड, तो गेला कुठे, तर नदीपलीकडे सेंट जॉन्सला, त्याच कॉन्फरन्समध्ये. म्हणजे आपल्या वाड्यावरचा पखवाजी शेजारच्या वाड्याच्या भजनी मंडळात, आणि दोनदा आपल्याच समोर वाजवणार. वाजवलं पण. सेंट जॉन्स कोच रिक पिटिनोच्या हाताखाली २० पैकी १८ जिंकून पहिले आले, १९८५ नंतर पहिल्यांदाच एकट्याने पहिले. भाचा म्हणाला, मामा पास बंद कर, मी तुला तोंड दाखवू शकत नाही. मी म्हटलं अरे आम्ही गोव्याच्या रणजी टीमचे स्कोअर बघत मोठे झालो, आम्हाला काय हरण्याचं सांगतोस.

आणि खरं सांगू का, हरणाऱ्या टीमबरोबर सीझन काढल्यावरच पास किती कामाचा ते कळतं. जिंकणारी टीम काय, हायलाइटमध्ये पण छान दिसते. मंगळवारी पहाटे, काही दावावर नाही, हॉल अर्धा रिकामा, १४ ने मागे, आणि एखादा फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा पोरगा जमिनीवर झोकून देऊन लूज बॉल धरतो, ते बघायला पूर्ण मॅचच लागते.

आता तक्रारींपैकी मोठी. १५ फेब्रुवारी २०२५, सीटन हॉल विरुद्ध यूकॉन. यूकॉन म्हणजे २०२३ आणि २०२४ चे सलग नॅशनल चॅम्पियन, आणि आमचे दोनवाले. मला लाइव्ह बघायला मिळाली नाही, घरात लग्न होतं. भाच्याला बजावून ठेवलं होतं की मेसेज करायचा नाही, ग्रुप म्यूट, नोटिफिकेशन बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी सोलकढी पिऊन, पाय वर घेऊन रिप्ले लावला. आणि स्क्रीनवर खाली पट्टी आली. रिप्लेची लांबी. नेहमीपेक्षा चांगली पंधरा-वीस मिनिटं जास्त. झालं! ओव्हरटाइम, म्हणजे बरोबरीनंतरची जादा वेळ, झालाय हे मला मॅच सुरू व्हायच्या आधीच कळलं. ४० मिनिटांचा खेळ बघताना सारखं डोक्यात की हे बरोबरीतच सुटणार आहे, सुटणारच आहे. दहाने मागे पडलो तरी काळजी नाही, पुढे गेलो तरी आनंद नाही. ॲप बनवणाऱ्या माणसाने आयुष्यात एकही मॅच रिप्ले बघितली नसणार. सुदैवाने पट्टीवर निकाल लिहिलेला नसतो. ६९-६८. आम्ही जिंकलो. मी एवढ्या जोरात ओरडलो की लग्नाचे राहिलेले पाहुणे आतून बाहेर आले, बाबांना वाटलं कोणीतरी गेलं.

नोटिफिकेशनचं तर बोलूच नका, बंद केली तरी चालू होतात. आणि होम पेजवर प्रत्येक रिप्लेवर जिंकलेल्या टीमचा नाचतानाचा फोटो. एका डोळ्यावर हात ठेवून मेनू चालवायला मी शिकलोय.

मार्चचं थोडक्यात सांगतो. कॉन्फरन्सची स्पर्धा न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, १९८३ पासून तिथेच. आम्ही पहिल्याच फेरीत विलानोव्हाकडून हरून घरी. फायनल रविवारी पहाटे ४ ला, शिगम्याचे दिवस, आदल्या रात्रीचे ढोल-ताशे कानात घुमतायत, केसांत गुलाल, आणि सेंट जॉन्सने क्रेटनला ८२-६६ ने धुतलं, रिचमंड त्या गर्दीत बास्केटची जाळी कापायला उभा, जिंकणारे आठवण म्हणून कापतात ती. मी टाळ्या वाजवल्या, काय करणार, पोरगं आपलंच होतं. पण त्यानंतरची ६८ टीमची मोठी स्पर्धा, ३१ कॉन्फरन्स विजेते आणि ३७ कमिटीने निवडलेले, जिच्यासाठी अख्खं जग कॉलेज बास्केटबॉल बघतं, ती या पासात नाहीच! वेगळा पॅक, वेगळे पैसे. हे घेताना कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलं असेल, मला दिसलं नाही, माझा चष्मा आता बदलायला झालाय हेही खरं. सायबाची टीम टेक्सासला हरवून पुढे गेली ते मी अंकलना नुसतं वाचून दाखवलं.

मी चिडलो आणि तो पॅकही घेतला. तीन आठवडे. चांगलाच आहे तो, खोटं का बोला, पण त्यात मला एकही टीम ओळखीची वाटेना, दोन दिवसांत आलेले आणि गेलेले. जानेवारीत ज्या पोराचा फ्री थ्रो का चुकतो ते मला माहीत होतं तसं इथे कोणाचंच माहीत नव्हतं. त्यामुळे माझा सल्ला सगळे देतात त्याच्या उलट आहे. मार्चचा पॅक सोडा. वार्षिक पास पण घेऊ नका, नोव्हेंबरातल्या मॅच बहुतेक लिंबूटिंबूंशी असतात. डिसेंबरच्या मध्यावर कॉन्फरन्सच्या मॅच सुरू होतात तेव्हा महिन्याचा प्लॅन घ्या, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बंद करा, तीन इसवणांत काम होतं. एक टीम धरा, कुठलीही, हरणारी असली तर उत्तम. ऑटो-रिन्यू पहिल्याच दिवशी बंद करा, ते बटण त्यांनी सेटिंगच्या आत, त्याच्या आत, प्रोफाइलच्या खाली लपवलंय. पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातला एक हिंकलच्या उन्हाचा.

आणि पट्टीचा उपाय मी स्वतःच केलाय. टीव्हीच्या खालच्या कडेला काळी इन्सुलेशन टेप लावली, आडवी, दीड इंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रिप्लेची लांबी दिसत नाही, ओव्हरटाइम होवो न होवो. फेब्रुवारीपासून ती तशीच आहे. बाबा संध्याकाळी मराठी बातम्या लावतात आणि खालची ब्रेकिंग न्यूजची पट्टी टेपच्या मागून पळत असते. परवा परत विचारलं, ही टेप काढणार कधी. मी म्हटलं बाबा, आता काय, डिसेंबर आलाच की.